पक्षी आणि डायनासोरचा वंशवृक्ष काढताना या चुका टाळा

सोलापुरात विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की एक तक्ता हमखास दिसतो. डावीकडे टी-रेक्स, मध्ये आर्किऑप्टेरिक्स (पिसं असलेला प्राचीन, पक्ष्यासारखा प्राणी), उजवीकडे गावरान कोंबडी आणि तिघांना जोडणारे बाण. मुलांनी जीव ओतून रंगवलेला असतो, म्हणूनच त्यातले बाण चुकलेले पाहून जास्त वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक या बाणांचीच. आर्किऑप्टेरिक्स सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा आणि टी-रेक्स जेमतेम 6.8 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे ज्याला आपण पणजोबा म्हणून मांडतो, तो पक्ष्यांच्या उगमानंतर आठ कोटी वर्षांनी जन्मला! तो पूर्वज नाही, लांबचा चुलत आहे.

इथे मुलं पुढचा प्रश्न विचारतात आणि तो चांगला असतो. चीनच्या लिआओनिंग प्रांतातला पिसांसारखे तंतू असलेला सायनोसॉरोप्टेरिक्स 1996 मध्ये जगासमोर आला, पण तो साधारण 12.5 कोटी वर्षांपूर्वीचा. आर्किऑप्टेरिक्सनंतरचा डायनासोर पक्ष्यांचं मूळ कसं सांगणार? मी घरचं उदाहरण देतो. तुमचे आजोबा सोलापुरात आले, त्यांचे भाऊ अक्कलकोटलाच राहिले. त्या भावाच्या नातवाचा फोटो 2010 चा आणि आजोबांचा 1960 चा. नातवाचं नाक आजोबांसारखं असेल, तर ते दोघांना मागच्या कुणाकडून तरी आलं. नातू आजोबांचा पूर्वज ठरत नाही. शिवाय लिआओनिंगमध्येच अँकिऑर्निस हा सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीचा, पिसं असलेला प्राणीही सापडला आहे.

त्यामुळे बाण पुसा आणि फांद्या काढा. प्राणी फांद्यांच्या टोकांवर, आणि फांदी फुटते तिथे नव्यानं आलेलं वैशिष्ट्य. बरोबर जमलं का, हे तपासायला कोणतेही दोन प्राणी घ्या, बोट खाली सरकवत न्या आणि ते कुठे भेटतात ते पाहा. आर्किऑप्टेरिक्सची फांदी मात्र तुटक रेषेनं काढा. 2011 मध्ये शियाओटिंगिया या पिसं असलेल्या डायनासोरच्या अभ्यासानं आर्किऑप्टेरिक्सला पक्ष्यांऐवजी ड्रोमिओसॉरांच्या, म्हणजे व्हेलोसिरॅप्टरसारख्या शिकारी डायनासोरांच्या बाजूला नेलं, नंतरच्या अभ्यासांनी परत आणलं.

पिसं दिसली की उडणं लिहू नका. 2012 मध्ये नाव मिळालेला युटिरॅनस हा डायनासोर सुमारे 9 मीटर लांबीचा होता. अंगावर पिसं होती, पण तो उडणं शक्यच नाही. पिसं आधी आली, उडणं नंतर. ऊब आणि रंगांचं प्रदर्शन ही पिसांची आधीची कामं असावीत.

टेरोसॉर हा उडणारा सरपटणारा प्राणी या झाडावर पक्ष्यांजवळ नकोच. तो डायनासोर नव्हता, आणि त्याचे पंख कातडीच्या पडद्याचे.

नावांनी मात्र मोठी माणसंही फसतात. ट्रायसेराटॉप्सच्या गटाला ‘पक्ष्यासारख्या कटीचे’ म्हणतात, पण पक्षी त्या गटातून आलेच नाहीत. ते ‘सरड्यासारख्या कटीच्या’ थेरोपॉडांतून, म्हणजे टी-रेक्सच्या दोन पायांवर चालणाऱ्या गटातून आले. खरा धागा रविवारच्या ताटात सापडतो. कोंबडीच्या छातीवरचं इंग्रजी व्ही आकाराचं हाड काढून ठेवा. ते गळपट्टीची दोन हाडं जुळून झालेलं असतं. डायनासोरना गळपट्टीची हाडं नाहीत, म्हणून ते पक्ष्यांचे पूर्वज नसावेत, असं 1926 मध्ये गेरहार्ड हाइलमान यांनी मांडलं होतं. पुढे तेच हाड व्हेलोसिरॅप्टरमध्ये आणि खुद्द टी-रेक्समध्येही मिळालं. स्वच्छ केलेलं असं हाड तक्त्याशेजारी ठेवलं की बघणारे थांबतात.

आर्किऑप्टेरिक्स जर्मनीतल्या झोलेनहोफेनच्या चुनखडकात मिळाला, म्हणून आपल्या शाहाबादी फरशीत डायनासोर शोधणारेही भेटतात. चुनखडक दोन्ही, पण शाहाबादी दगड डायनासोरांच्या कितीतरी आधीचा. आणि सोलापूरखालचा काळा बसाल्ट हा थिजलेला लाव्हा आहे, त्यातही डायनासोर शोधून उपयोग नाही.

शेवटची चूक खास आपल्याकडची. नान्नजच्या माळढोकाच्या पावलाला मागचं बोट नसतं, ठसा तीन बोटांचा, थेट थेरोपॉडची आठवण करून देणारा. त्यावरून मुलं माळढोकाला डायनासोरच्या अगदी शेजारी चिकटवतात. पण पक्ष्यांच्या पूर्वजांना मागचं बोट होतं. माळढोकाच्या कुळानं ते पुढे गमावलं. त्याची जागा कोंबडी, पोपट, घार यांच्यासोबत, आजच्या पक्ष्यांच्या फांदीवर आहे.