हॉट क्रॉस बनवरचा क्रॉस ओघळू नये म्हणून

गुड फ्रायडेच्या बनवरचा पांढरा क्रॉस भाजताना पसरतो, नाहीतर तडकून सुटतो. दोष बहुतेक वेळा पेस्टच्या दाटपणात असतो.

12 बनसाठी 75 ग्रॅम मैदा आणि 1 छोटा चमचा तेल घ्या. त्यात साधारण 75 मिली पाणी लागेल, पण ते एकदम ओतू नका. मैद्याप्रमाणे कमीजास्त होतं. चमच्यातून पेस्ट जाड रिबीनसारखी पडली पाहिजे आणि तिची रेघ वर काही सेकंद दिसत राहिली पाहिजे. लगेच सपाट झाली तर पातळ आहे, चमचाभर मैदा घाला. तुटून गोळ्यांनी पडली तर भाजताना तडकणार, पाणी वाढवा. तेलामुळे रेघ मऊ राहते.

1. पेस्ट 10 मिनिटं झाकून ठेवा, मग पुन्हा ढवळा. एकही गुठळी नको, नाहीतर पिशवीचं तोंड तुंबतं.
2. बन ट्रेमध्ये सरळ ओळींत, 1 सेंमी अंतरावर लावा. दुसऱ्यांदा फुगल्यावर ते एकमेकांना टेकतील.
3. बन असे फुगले की पेस्ट जाड प्लॅस्टिक पिशवीत भरून कोपरा 5 मिमी कापा. पूर्ण ओळीवरून एकच सलग रेघ ओढा, मग आडव्या रेघा. एकेका बनवर वेगळा क्रॉस काढलात तर टोकं वाकडी होतात.
4. लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा.

चकाकीसाठी कोमट, गाळलेला जर्दाळूचा जॅम बन बाहेर काढल्यावर लावा. अंडं लावायचंच असेल तर क्रॉस काढण्याआधी. नंतर लावलं तर क्रॉस पिवळा पडतो.