एचआयव्हीची एआरटी चालू आहे आणि इंदूरला नव्याने आलात? हिरड्यांकडे बघा

इंदूरला येणारी आपली माणसं आधी खोली बघतात, गॅस लावतात, पोह्याचा ठेला ठरवतात. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या; त्यांचं केंद्र बदलून घ्यायचं आठवतं ते गोळ्या संपत आल्यावर. जुन्या केंद्रातून ट्रान्सफरचा कागद, ग्रीन बुक (उपचाराची नोंदवही) आणि निदान महिनाभराच्या गोळ्या घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. इथे एमवाय हॉस्पिटलात एआरटी केंद्र आहे.

आता हिरड्या. ब्रशला रक्त लागलं की ‘गोळ्यांची गरमी’ म्हणत ब्रश सोडून देणारे फार. रक्त येतं ते दातांच्या मुळाशी साचलेल्या किटणामुळे आणि जंतूंमुळे. ब्रश सोडला की किटण वाढतं. एचआयव्हीत, त्यातही सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली असेल तर, ही सूज आत हाडापर्यंत लवकर पोचू शकते.

दातांच्या कडेने दोन-तीन मिलिमीटरचा लाल पट्टा असेल आणि नीट ब्रश करूनही जात नसेल, तर दाखवून घ्या. दुखत नाही पण दात हलतो किंवा लांब दिसतो, तरीही दाखवाच. दोन दातांमधलं हिरडीचं टोक झडून खळगा पडला, वर राखाडी साय, तोंडाला घाण वास, आपोआप रक्त आणि सणसणीत ठणका असेल, तर त्याच दिवशी जा. इथे दिवस घालवले तर हाड उघडं पडतं. डॉक्टर मेलेला भाग काढतात, पोव्हिडोन आयोडीनने धुतात, बहुधा मेट्रोनिडॅझोल ही जंतूंवरची गोळी देतात. ती चालू असताना दारू अजिबात नाही. सोबत एआरटी केंद्रात सीडी४ आणि व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाची) चौकशी करा. अशी हिरडी पुष्कळदा प्रतिकारशक्ती खाली गेल्याची खूण असते.

गुळण्यांचं जंतुनाशक औषध सांगितलं तर: क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, पेस्टनंतर अर्ध्या तासाने. सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपुढे नको, दात तपकिरी होतात. गुळण्यांनी किटण निघत नाही. त्याला स्केलिंगच, म्हणजे डॉक्टरकडून किटण खरवडून काढणंच, लागतं.

आपल्या लोकांची एक खोड मात्र महागात पडते: मंडळातलं कुणी बघेल म्हणून एमवायची रांग टाळायची, गल्लीतल्या दवाखान्यात दात दाखवायचे आणि एआरटीचं नाव काढायचं नाही. असं करू नका. एआरटीतलं टेनोफोव्हिर घेणाऱ्याला डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला जड जाऊ शकते, म्हणून दातांच्या डॉक्टरला आधी सांगायचं. एआरटीत डोलुटेग्रॅव्हिर हे औषध असेल तर मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं अँटासिड त्याच्यासोबत नको: डोलुटेग्रॅव्हिर अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. हे न सांगता कोणता डॉक्टर ओळखणार? शासकीय दंत महाविद्यालयही इंदुरातच आहे, तिथे जा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने केवळ एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगताही येत नाही. अडचण आली तर १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर फोन करा.

शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं, पण टपरीवर तंबाखू-सुपारी पावलोपावली. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात; रक्त कमी येतं आणि आजार आत वाढत राहतो. ‘रक्त थांबलं’ म्हणून निर्धास्त राहू नका. सराफा बाजारातली रात्रीची जिलबी खा, मग ब्रश करूनच झोपा. मऊ ब्रश, दोन मिनिटं, रात्रीचा न चुकता. आल्या आल्या एक स्केलिंग करून घ्या, पुढचं डॉक्टर सांगतील तसं, बहुधा तीन ते सहा महिन्यांनी.