चाकाचे नट आवळताना या चुका टाळा

गाडीचे वजन चार-पाच स्टड (ज्यांवर चाकाचे नट चढतात ते आटेदार दांडे) आडवे पेलतात असा एक समज आहे, आणि चाक बसवताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागावर, दाबून धरतो. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवरील नट १०० न्यूटन-मीटर टॉर्कने (फिरवण्याच्या जोराने) आवळल्यास, कोरड्या आट्यांवर, हा दाब साधारण ४ टन वजनाइतका असतो. त्यातून चाक आणि हब यांच्यात जे घर्षण निर्माण होते, तेच ब्रेकचा आणि खड्ड्यांचा मार सोसते. दाब कमी पडला तर चाक हबवर कणाकणाने सरकू लागते, स्टड पुन्हापुन्हा वाकतो आणि धातू थकून अखेर तुटतो.

म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक नटाशी नव्हे, तर हबच्या पृष्ठभागाशी संबंधित आहे. गंजाचे पापुद्रे, वाळलेला चिखल किंवा नव्याने दिलेल्या रंगाचा जाड थर मध्ये राहिला, तर नट त्या थरावरच घट्ट बसतो; गाडी थोडी धावली की थर चेपतो आणि स्टडवरील ताण उतरतो. थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असला तरी पुरे, कारण स्टडचा ताण मुळात तेवढ्याच लांबीचा असतो. तारेच्या ब्रशने हब आणि चाकाची आतली बाजू घासून घ्यायला दोन मिनिटे लागतात, तरीही हे काम क्वचितच कोणी करते.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावणे ही सद्हेतूने केली जाणारी चूक आहे. टॉर्कचा फार मोठा भाग आट्यांमधील आणि नटाच्या बैठकीवरील (चाकाला टेकणाऱ्या भागावरील) घर्षणावर खर्च होतो, ताणासाठी जेमतेम दशांश उरतो. घर्षण घटले की त्याच टॉर्कला स्टड कितीतरी अधिक ताणला जातो. वाहननिर्मात्याने दिलेला आकडा सहसा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतो.

नटाची बैठक चाकाच्या भोकाशी जुळायला हवी. काही चाकांना शंकूच्या आकाराची, काहींना गोलाकार, तर काहींना वॉशरसह सपाट बैठक लागते. कंपनीच्या लोखंडी चाकाचे नट बाजारातून घेतलेल्या अलॉय चाकाला लावले, तर ते बसल्यासारखे दिसतात. मात्र स्पर्श केवळ एका कडेवर होतो आणि आवळलेले नट लवकरच सैल पडतात. नट किती फेरे चढतो हेही मोजावे. १२ मिलिमीटर स्टडवर, आट्यांमधील अंतर दीड मिलिमीटर असेल, तर निदान ८ पूर्ण फेरे बसायला हवेत.

आवळताना पहिले काही फेरे हातानेच द्यावेत. तिरका चढलेला नट हाताला लगेच जाणवतो. हवेच्या दाबावर नट आवळणाऱ्या गनला मात्र तो कळत नाही, ती आटे कापत पुढे जाते. नट समोरासमोरचे, चांदणीच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत, नाहीतर चाक एका बाजूला कलून बसते. शेवटचा टॉर्क जॅकवरून खाली उतरवून, चाक जमिनीला टेकल्यावर, टॉर्क रेंचनेच, म्हणजे टॉर्क मोजणाऱ्या पान्यानेच, द्यावा. बहुतेक छोट्या गाड्यांसाठी तो ८० ते १४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत सापडतो. ७० किलो वजनाचा माणूस ४० सेंटिमीटर लांब पान्यावर उभा राहिला, तर सुमारे २८० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. पान्यावर पाय देण्याची सवय म्हणूनच सोडावी.

चाक बदलल्यानंतर ५० ते १०० किलोमीटरनी टॉर्क पुन्हा तपासावा, विशेषतः अलॉय चाकांचा.

आता बिघाड ओळखण्याविषयी. कमी वेगात टकटक आवाज येत असेल किंवा नटापासून बाहेर पसरणारे गंजाचे ओघळ दिसत असतील, तर चाक सरकत असावे. गाडी तिथेच थांबवावी. असे सैल चाक केवळ पुन्हा आवळून पुढे जाऊ नये, कारण भोके लांबट झालेली असू शकतात. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरत असेल आणि नट अलीकडेच गनने आवळलेले असतील, तर असमान ताणामुळे ब्रेकची डिस्क तिरकी बसल्याची शंका घ्यावी. नट फिरवला की स्टडही सोबत फिरत असेल, तर हबमध्ये दाबून बसवलेल्या स्टडची दातेरी पकड गेली आहे. तो बदलण्यावाचून उपाय नाही. आणि एखादा स्टड तुटला असेल, तर उरलेले निर्दोष दिसले तरी निदान त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टड बदलावेत, कारण तुटलेल्याच्या वाट्याचा भार तितका काळ त्यांनीच सोसलेला असतो.