परवान्याची दुनळी: कधी पुसावी, काय तपासावे

पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी बंदूक वर्षातून चार-दोनदाच उडते. तिला बारुदीपेक्षा भिंतीवर टांगून राहणेच जास्त खाते. म्हणून सफाईचा हिशेब काडतुसांवर नको, ऋतूंवर ठेवावा.

मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पूर्ण सफाई. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तेलाची चिंधी, एरवी महिन्यातून एकदा. एक जरी काडतूस उडाले तर सफाई त्याच दिवशी. जागलीवर नेलेली बंदूक उडाली नसली तरी परतल्यावर पुसावीच, कारण दव आणि हाताचा घाम दोन्ही लोखंडाला गंज आणतात. भरमार (तोंडातून बारूद भरायची बंदूक) असेल तर रात्रही जाऊ देऊ नये. काळ्या बारुदीची राख ओल ओढते. ती गरम पाण्याने धुवावी, नळी पार कोरडी करावी आणि मग तेल द्यावे.

हात लावण्याआधी बंदूक उघडून काडतुसाची दोन्ही घरे डोळ्यांनी आणि बोटाने रिकामी असल्याची खात्री करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. नळ्या वेगळ्या करून गजाला पितळी ब्रश लावावा आणि काडतुसाच्या घराकडून तोंडाकडे आठ-दहा वेळा फिरवावा. रॉकेलने काजळी सुटते, पण त्याने गंज थांबत नाही. नंतर कोरडी चिंधी आणि गन ऑइलचा पातळ हात हवाच. खोबरेल किंवा जेवणातले तेल कधीही नको. ते चिकट होते, फायरिंग पिन (काडतुसाच्या टोपीवर आदळणारी सुई) अडखळते आणि ऐन वेळी काडतूस उडत नाही. दस्त्याच्या लाकडाला मात्र जवसाचे तेल उत्तम, तेही थेंबभरच. वापरण्याआधी नळीतले तेल कोरड्या चिंधीने काढावे.

तपासताना रिकामी नळी उजेडाकडे धरून पाहावे. आत काळे कडे दिसले तर नळी तिथे फुगली आहे. ती बंदूक वापरू नये. उघड्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते, आणि अडलेली नळी फुटते. म्हणून तोंडात बोळाही कोंबू नये: तो आत ओल धरतो आणि काढायचा विसरतो. मग पुढचे लाकूड काढून, बंदूक बंद करून दस्ता धरून हलवावी. खडखड आली तर बिजागरी झिजली आहे. मे महिन्याच्या उन्हात लाकूड आकसते, स्क्रू ढिले होतात. दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे चापामागे हाताने धरायच्या बारीक भागाशी, चीर पाहावी. रिकामा चाप ओढून बघण्याची सवय फार वाईट, फायरिंग पिन त्यानेच तुटते.

फुगलेले किंवा टोपीवर हिरवट झालेले काडतूस जोर लावून बसवू नये. परवानाधारक विक्रेत्याला दाखवावे. वीस बोअरचे काडतूस बाराहून बारीक असते; ते चुकून बारा बोअरमध्ये गेले तर पुढे सरकून अडकते. मागून दुसरे भरून उडवले की नळी फुटते.

रेक्झिनच्या कव्हरमध्ये बंदूक साठवू नये, ओल कोंडते. तोंड खाली करून ठेवली तर तेल लाकडात उतरत नाही. निवडणुकीत ठाण्यात जमा करताना तेलाचा जाड हात द्यावा आणि परत मिळाल्या दिवशी तो उतरवावा. बिजागरी, चाप, फायरिंग पिन ही कामे परवानाधारक कारागिराचीच. आणि गंज काढताना क्रमांकावर पॉलिश पेपर चालवू नये: शस्त्र अधिनियम १९५९ नुसार ओळखचिन्ह खोडणे गुन्हा आहे.