सिरिंज पंप कुठल्या वॉर्डात आहे? ब्लूटूथ टॅग बसवताना

रुग्णालयात सिरिंज पंप, मॉनिटर, व्हीलचेअर यांचा माग ठेवायचा असेल, तर खरेदीआधी एक गोष्ट ठरवा: वस्तू कुठल्या खोलीत आहे एवढं कळलं तरी भागेल का? मी बायोमेडिकल विभागात काम करते, आणि माझ्या मते भागतं. ‘फीमेल वॉर्ड, दुसरा मजला’ एवढं कळलं की वॉर्डातले मामा पंप घेऊन येतात. वीस-तीस सेंटीमीटरची अचूकता हवी असेल तर यूडब्ल्यूबी (अल्ट्रा-वाइडबँड, अंतर अचूक मोजणारं रेडिओ तंत्र) घ्यावं लागतं आणि खर्च बराच वाढतो. खोलीपुरतं साधं ब्लूटूथ पुरतं.

वस्तूला लावलेला छोटा ब्लूटूथ टॅग ठरावीक वेळाने आपला क्रमांक हवेत सोडतो, खोलीतला रिसीव्हर तो ऐकतो आणि किती जोरात ऐकू आला ते सर्व्हरला कळवतो. रिसीव्हर म्हणून प्रत्येक खोलीत एक ईएसपी३२ (ब्लूटूथ आणि वायफाय असलेला छोटा बोर्ड) मोबाइलच्या चार्जरवर लावा. त्यांचे निरोप गोळा करायला रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मॉस्किटो हा निरोपांची देवाणघेवाण करणारा प्रोग्राम चालवला की सुरुवात होते.

सिग्नलच्या जोराच्या या आकड्यांवरून मीटरमध्ये अंतर काढायच्या फंदात मात्र पडू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो. माणसाच्या शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. मध्ये कुणी उभं राहिल्याने सिग्नल १० डेसिबलने पडला, तर तोच टॅग हिशेबात तिपटीहून लांब गेलेला दिसतो. म्हणून ‘सगळ्यात जोरात कुणी ऐकलं’ एवढंच विचारायचं. तेही शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांच्या मधल्या किमतीवरून. नवा रिसीव्हर जुन्यापेक्षा निदान ६ डेसिबलने वरचढ असेल आणि थोडा वेळ तसाच टिकला, तरच खोली बदलायची. ही अट नसेल तर दोन वॉर्डांमधल्या भिंतीलगतचा पंप स्क्रीनवर सारखा इकडून तिकडे उड्या मारतो, आणि सिस्टरांचा विश्वास एकदा उडाला की त्या पुन्हा फोनच करायला लागतात.

खरी मेहनत रिसीव्हरच्या जागेवर घ्या. डोक्याच्या वर, खोलीच्या मध्याकडे. स्टीलच्या कपाटामागे नको, शेजारच्या खोलीच्या भिंतीवर तर नकोच. एक्स-रेच्या खोलीला शिशाचं अस्तर असतं, तिथे रिसीव्हर आतच हवा. एमआरआयच्या खोलीत टॅग जाऊच द्यायचा नाही. दारातच काढून घ्यायचा. मग हातात टॅग घेऊन प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांत आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये मिनिटभर उभं राहून नोंदी घ्या. एकदा सकाळी, आणि एकदा नातेवाईकांच्या भेटीच्या वेळी, वॉर्ड भरलेला असताना. दुसऱ्या फेरीचे आकडे धरा.

टॅग यंत्राच्या प्लास्टिकवर लावा, धातूवर नाही. हवेची जाळी, अलार्मचा स्पीकर आणि सीरियल नंबर झाकला जाता कामा नये. सिस्टर रोज स्पिरिटने पुसतात, त्यामुळे साधी दुहेरी टेप सुटते. व्हीलचेअरला सरळ केबल टाय मारा. हालचाल ओळखणारा टॅग मिळाला तर तोच घ्या: हलताना सेकंदाला एकदा, उभा असताना दहा सेकंदांनी एकदा क्रमांक सोडणारा. टॅगमधल्या सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलमध्ये साधारण २२० मिलीअँपिअर-तास असतात, ते जपून वापरायचे.

माणसांच्या बॅजबद्दल माझं मत पक्कं आहे. गळ्यातल्या बॅजचा सिग्नल पाठीमागे अंगच अडवतं, म्हणून वॉर्डच्या दोन्ही टोकांना रिसीव्हर लागतात. पण त्याआधी सिस्टर, मामा, मावशींना एकत्र बसवून सांगा: काय नोंदलं जातं, किती दिवस राहतं, कोण बघतं. तेच मराठीत फलकावर लावा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी मी हेच केलं असतं. चेंजिंग रूम आणि स्वच्छतागृहात रिसीव्हर नाही, आणि बॅज हजेरीला जोडायचा नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला मदतीसाठी दाबायचं बटण मात्र जरूर द्या. त्यासाठी त्या बॅज आपणहून घालतात.

शेवटी, दिवसभर एकदाही ऐकू न आलेल्या टॅगची यादी रोज सकाळी आपोआप निघेल असं बघा. त्यात बहुतेक वेळा सेल संपलेला असतो, नाहीतर यंत्र अँब्युलन्सबरोबर बाहेर गेलेलं असतं. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला आधी विचारा, मग सेल बदला.