खानापूरच्या मातीतून अ‍ॅग्नोस्टस : वर्गासाठी उघडमिट होणारा नमुना

अ‍ॅग्नोस्टस पिसिफॉर्मिस हा सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला संधिपाद (खेकडा-कोळंबीसारखा सांध्यांच्या पायांचा प्राणी), सेंटीमीटरभरही नसलेला. बेळगाव भागात तो शोधू नका: इथला काळा कातळ लाव्हाचा आहे आणि गोकाकचा वालुकाश्म कवचधारी प्राण्यांच्या आधीचा. स्वीडनच्या काळ्या शेलमध्ये (चिखल थिजून झालेल्या खडकात) मात्र त्याची कवचं ढिगानं मिळतात. मुलांना हाताळायला खानापूरच्या मातीचा २० पट मोठा नमुना करावा.

वाळताना-भाजताना माती शेकडा ८ ते १० आकसते. म्हणून १६ सेंमी हवा असेल तर ओला १७.५ ठेवा: डोक्याची ढाल ७.५, शेपटीची ढाल ७.५, मधले दोन खंड सव्वा-सव्वा सेंमी. खंड दोनच, तिसरा करू नका.

माती मळून हवा काढा, ८ मिमी जाड लाटा आणि उपड्या वाटीवर ओलं फडकं घालून ढाली बसवा.

खरी कसोटी डोक्याची. डोकं आणि शेपूट जवळजवळ सारखे दिसतात, आणि बहुतेक नमुने इथेच उलटे होतात. डोक्यावर मध्ये उंचवटा. त्याचा पुढचा भाग आडव्या खाचेनं वेगळा, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटे त्रिकोणी गोळे. उंचवट्यापासून पुढच्या काठापर्यंत एक सरळ खाच. डोळे अजिबात काढू नका, या प्राण्याला ते नव्हतेच. शेपटीच्या मागच्या काठावर दोन आखूड काटे, तीच तिची ओळख. उंचवटा भरीव ठेवला तर आत ओल राहते आणि भाजताना तो फुटतो. आतून खरवडून पोकळ करा.

चारही तुकडे जोडू नका. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना ४ मिमीची भोकं पाडा, भाजल्यावर इलॅस्टिक ओवा. नमुना प्राण्यासारखा, डोकं शेपटीला टेकवून, मिटला की डोकं आणि पहिला खंड यांच्यात फट राहते. ती बुजवू नका, प्राण्यातही ती होती. स्वीडनच्याच चुनखडीच्या गाठींतून मिलिमीटरहूनही लहान पिल्लं पायांसकट मिळाली, म्हणून मिशा आणि पाय कसे होते ते कळतं. मिशांची जोडी बारीक तारेची करून भाजल्यानंतरच लावा.

सावलीत वाळवा, पावसाळ्यात दहा-बारा दिवस, एरवी पाच. काठ आधी सुकले तर तडे जातात. काठांवर प्लॅस्टिक झाका. ओठांना लावल्यावर गार लागलं तर आत ओल आहे, आव्यात देऊ नका.