आईबाबांसाठी मशीन घेताय? थांबा, आधी हे वाचा

आमच्याकडे एकापाठोपाठ बीपीचं मशीन आलं, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर आला, मनगटावरचं घड्याळ आलं, आणि सहा महिन्यांनी बघतो तर वापरात फक्त बीपीचं मशीन, बाकी सगळं कपाटात. ऑक्सिमीटरचे सेल तर आतच गळून हिरवे झालेले. दोष माझाच, मी रात्र रात्र ऑनलाइन रिव्ह्यू वाचत बसलो आणि बाबांना नक्की त्रास कशाचा होतोय ते विचारायचंच राहून गेलं.

म्हणून म्हणतो, काही मागवायच्या आधी एक आठवडा नुसतं बघा. गोळी चुकते ती सकाळची की रात्रीची, रात्री किती वेळा उठतात, उठताना कशाला धरतात, फोनची रिंग ऐकू येते का, आकडे चष्म्याशिवाय दिसतात का. मग त्यांच्यासोबत बसून ठरवा की सगळ्यात जास्त अडचण कशाची आहे, आणि त्या एका गोष्टीसाठी एकच वस्तू आणा. ती अंगवळणी पडायला दोनतीन आठवडे लागतात, तोवर दुसरी आणायची नाही म्हणजे नाही. आणि त्यांना नको असेल तर जबरदस्ती करू नका, गळ्यात घातलेलं मशीन तुमची पाठ वळली की ड्रॉवरमध्ये जातं.

दुसरं काम डॉक्टरांकडे. काय मोजायचं, किती वेळा मोजायचं आणि कुठला आकडा आला की त्यांना फोन करायचा, हे तीन प्रश्न विचारा, उत्तरं कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि तो कागद मशीनच्या डब्याला चिकटवून टाका. हे नसेल तर काय होतं, आकडा येतो, घरातले चार जण चार मतं देतात, आणि पेशंटचं बीपी त्या चर्चेनेच वाढतं :)

आता बीपीचंच जरा नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं सोयीचं वाटतं पण हात बरोबर छातीच्या उंचीला धरला नाही की आकडा चुकतो. कफचा, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचा, साइज दंड टेपने मोजून घ्या, दंड जाड आणि कफ लहान असेल तर बीपी उगाच जास्त दाखवतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम काही नको, लघवीला जाऊन यायचं, मग खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, एकावर एक न टाकता ५ मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, कफ उघड्या दंडावर. एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग घ्या आणि दोन्ही लिहा, आवडलेलं तेवढंच नाही.

बाबांच्या बीपीचा वरचा आकडा एकदा १६८ आला होता. मी फोन हातात घेऊन डॉक्टरांचा नंबर शोधतोय आणि बाबा आरामात बोलतायत, स्वेटरच्या बाहीवरूनच कफ बांधलेला, नुकतेच जिना चढून आलेले. स्वेटर काढला, त्यांना गप्प बसवलं (हे अवघड होतं), दहा मिनिटांनी परत घेतलं तर १४२. तरी आपल्या मनाने गोळी वाढवायची-कमी करायची नाही, आठवडाभराची वही डॉक्टरांना दाखवायची. घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर साधारणपणे जास्त धरतात, पण वय आणि बाकीचे आजार बघून डॉक्टर प्रत्येकाचा आकडा वेगळा ठरवतात. १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं असं काही असेल तर दुसरं रीडिंग घेत बसू नका, सरळ इमर्जन्सीला फोन. आणि अशी लक्षणं असतील तर आकडा नॉर्मल आला तरी फोन करायचाच.

एक गोष्ट सहसा कोणी करत नाही. उठल्यावर चक्कर येते असं म्हणत असतील तर बसून एकदा बीपी घ्या, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत घ्या, जवळ धरायला माणूस हवा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा, पडण्याचं हे एक मोठं कारण असतं आणि कधी कधी औषधांमुळेच होतं.

ऑक्सिमीटर सोपा, पण थंडगार बोटाला किंवा नेलपॉलिशवर लावला की काहीही दाखवतो, हात चोळून गरम करा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. फुप्फुसाचा जुना आजार असेल तर त्यांचा नॉर्मल आकडा वेगळा असू शकतो, तोही त्या कागदावर हवा. शुगरच्या मशीनला हात साबणाने धुऊन कोरडे करूनच बोट टोचायचं, फळ कापलेल्या हाताने टोचलं तर शुगर फळाची येते. टोचायचं बोटाच्या टोकाच्या बाजूला, मधोमध नाही, तिथे जास्त दुखतं. स्ट्रिपची डबी लगेच घट्ट बंद करा, एक्सपायरी बघा. ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीत आहे, गिळता येतंय, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. हार्ट फेल्युअरच्या (हृदय नीट पंप करत नाही अशा) पेशंटला तर साधा डिजिटल वजनकाटा सगळ्यात कामाचा, रोज सकाळी लघवी झाल्यावर, खायच्या आधी वजन करायचं. ३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर अंगात पाणी साठत असेल, डॉक्टरांना कळवा.

गोळ्यांसाठी आधी सात दिवसांचा खणांचा डबा, आणि मोबाइलमध्ये अलार्म. अलार्मला तुमच्या आवाजात "बाबा, रात्रीची गोळी" असं रेकॉर्ड करून लावता आलं तर उत्तम, टुंगटुंग आवाज ते बंद करून टाकतात. विसरभोळेपणा जास्त असेल, घेतलेली गोळी परत घेत असतील, तर वेळेला तेवढाच खण उघडणारा कुलूपवाला डबा मिळतो. भरायचं काम मात्र एकाच माणसाकडे द्या. दोघांनी भरला की डबल डोस झालाच म्हणून समजा.

आता पडण्याचं. आईला गळ्यात घालायचं एसओएस बटण (दाबलं की घरच्यांना फोन जातो ते) दिलं होतं, वॉटरप्रूफ, सगळं शिकवून झालं. पंधरा दिवसांनी बघतो तर ते बाथरूमच्या बाहेर खिळ्याला टांगलेलं. विचारलं तर म्हणाली, "अरे भिजेल ना ते, महागाचं आहे." म्हणजे जिथे पाय घसरायची शक्यता जास्त, नेमकं तिथेच बटण बाहेर. मग मी तिच्यासमोर ते बादलीत बुडवलं, बाहेर काढून दाबलं आणि माझा फोन वाजला, तेव्हा कुठे पटलं. ज्या वस्तूची भीती वाटते ती अशी डोळ्यांसमोर वापरून दाखवा, मॅन्युअल वाचून कुणाला पटत नाही. बाथरूममध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर ओढली की अलार्म वाजणारी एक दोरीही लावा, पडल्यावर तिथेच हात पोचतो.

पडलेलं ओळखणारी घड्याळं चांगली आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नका. धाडकन पडलं तर ओळखतात, भिंतीला धरून हळूहळू खाली बसत गेलं तर बऱ्याचदा नाही. शिवाय रोज चार्जिंग. रात्री चार्जिंगला लावलं आणि बाथरूमला उठताना हातात नाही, तर काय उपयोग, म्हणून दुपारी टीव्ही बघताना चार्ज करायची सवय लावा. आणि खरं सांगू का, पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचालीने लागणारे दोनतीन दिवे आणि भिंतीला पक्का दांडा हे सगळ्यात आधी, घड्याळ नंतर.

कॅमेऱ्यावरून घराघरात भांडणं होतात. माझं मत स्पष्ट आहे, बेडरूम-बाथरूममध्ये नाहीच, आणि हॉलमध्ये लावायचा तर त्यांना विचारून, कोण कोण बघणार ते सांगून. "आई उठून किचनमध्ये गेली का" एवढंच कळायला हवं असेल तर दारावरचा साधा सेन्सर पुरतो, त्यात चेहरा दिसत नाही, आणि नाइटड्रेसमध्ये आपल्याला कोणी बघतंय असं वाटत नाही. कॅमेरा लावलाच तर पासवर्ड बदला, फॅक्टरीतून आलेला ठेवू नका.

फोनमध्ये अक्षरं मोठी करा, लॉक स्क्रीनवर आजार, अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि जवळच्याचा नंबर टाका, लॉक न उघडता दिसतं ते. व्हिडिओ कॉलवर डॉक्टर असतील तर उजेड समोरून, कानाचं मशीन लावलेलं, औषधांची पाकिटं आणि वही टेबलावर. आणि बोलू द्या त्यांना! आपणच उत्तरं देत सुटतो.

शेवटचं, जे मी सगळ्यात उशिरा शिकलो. अलर्ट कोणाच्या फोनवर येणार, त्याने उचलला नाही तर पुढचा कोण, आणि दहा मिनिटांत दारात पोचेल आणि ज्याच्याकडे किल्ली आहे असा माणूस कोण, हे लिहून ठेवा. दर महिन्याच्या १ तारखेला आई स्वतः बटण दाबते, वेळ आधी न सांगता. मागच्या महिन्यात माझा फोन सायलेंटवर होता, बहिणीने उचलला, आणि नंतर आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.